पीथमपूरच्या रात्रीच्या बसची सूचना नेमकी कुठे द्यायची?

राऊची सून
नमस्कार मंडळी. आम्ही राऊला राहतो, नवरा पीथमपूरच्या कारखान्यात ठेक्यावर कामाला. सेकंड शिफ्ट सुटल्यावर ठेक्याच्या मुलांना कंपनीची बस नसते. मॅजिकवाला (शेअरची छोटी व्हॅन) उभा असला तर ठीक, नाहीतर कुणाच्या तरी बाइकवर तिघे. एका हेल्पलाइनवर लावलं होतं. उत्तर आलं की विषय दुसऱ्या जिल्ह्याचा आहे, आणि तक्रार बंद! आता पेपरात येतंय की इंदूर-उज्जैन-देवास-धार मिळून महानगर क्षेत्र होणार, वाहतूक एकत्र आखणार. त्यात आपलं म्हणणं घालायचं तर कुठे जायचं? पार्षदाकडे (नगरसेवकाकडे), कलेक्टोरेटला, की आणखी कुठे? माझं हिंदी लिहिणं बरं आहे, अर्ज मीच लिहीन.

छत्रीबाग_भिया
ताई, लिहून काय होतं? इंदूरचं बीआरटीएस आठवा, बसचा वेगळा राखीव रस्ता. २०१३ ला सुरू केलं, नोव्हेंबर २०२४ ला मुख्यमंत्र्यांनी काढायचं जाहीर केलं, फेब्रुवारी २०२५ ला हायकोर्टाचीही मंजुरी. त्यावरच्या आयबसमध्ये उभ्यानं जाणाऱ्याला कुणी विचारलं का, की तुझं काय म्हणणं? तिकडे सुपर कॉरिडॉरवर मेट्रो धावतेय. तुम्हाला राऊहून तिथं जायचं तरी कशाला!

नक्शेवाले काका
भियाचा राग समजतो, पण सूनबाईंनी पत्ता विचारलाय, तो तर देऊ या. मी नोकरीभर नक्शेच काढले, त्यामुळे कागद कुठे अडकतो ते ठाऊक आहे.

हेल्पलाइन आणि मंगळवारची जनसुनवाई (अधिकारी लोकांची गाऱ्हाणी ऐकतात ती) तक्रारीसाठी. दिवा बंद, नाली तुंबली, पेन्शन अडली. तिथून प्लॅन बदलत नाही. प्लॅनची वाट वेगळी. आपल्याकडे १९७३ चा नगर तथा ग्राम निवेश कायदा आहे. विकास योजनेचा मसुदा छापला की कलम १८ खाली कुणीही नागरिक तीस दिवसांत लेखी आपत्ती (म्हणजे हरकत) किंवा सूचना देऊ शकतो, आणि नंतर सुनावणी होते. इंदूरची योजना २००८ ला लागू झाली, २०२१ पर्यंतची म्हणून. पुढची येईल तेव्हा तारखेवर डोळा ठेवा. तीस दिवस म्हणजे सणासुदीत कधी उडून जातात कळत नाही.

महानगर क्षेत्राचा कायदा २०२५ मध्ये विधानसभेत मंजूर झाला. पण त्याआधीपासून संविधानातच अनुच्छेद २४३ झेडई आहे, ७४ व्या दुरुस्तीचा. महानगर नियोजन समितीत किमान दोन तृतीयांश सदस्य नगरपालिकांचे निवडून आलेले सदस्य आणि पंचायतींचे अध्यक्ष यांनी आपल्यातूनच निवडायचे. म्हणून एकट्या इंदूरच्या पार्षदाला धरून भागणार नाही. राऊची नगर परिषद इंदूर जिल्ह्यात, पीथमपूर धारमध्ये. दोन्हीकडे एकच कागद द्या, आणि दोन्हीकडून आवक क्रमांक टाकलेली पोच घ्या. पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही असं समजा.

आता मजकूर. ‘बस सुरू करण्यात यावी’ असं लिहाल तर तो कागद असल्याच शंभर कागदांत जाऊन बसेल. घरोघरी जाऊन ‘कुठून कुठे जाता, कशानं जाता’ विचारतात, चौराह्यावर गाड्या मोजतात, त्यावर बसचे मार्ग ठरतात. मोजणारा मुलगा सकाळ-संध्याकाळच्या गर्दीत उभा असतो. रात्री गेटबाहेर ताटकळणारी माणसं त्याच्या रजिस्टरात येतच नाहीत, आणि रजिस्टरात नाहीत म्हणजे आखणाऱ्यासाठी ती नाहीतच. ती नोंद तुम्ही करा. कोणतं गेट, किती वाजता शिफ्ट सुटते, किती जण उभे असतात, त्यांतले राऊ, राजेंद्रनगर, महूकडे जाणारे किती. आठवडाभर लिहून ठेवा, मुलांच्या सह्या घ्या. २०१७ च्या मेट्रो धोरणात केंद्राची मदत हवी असेल तर आधी शहराचा मोबिलिटी प्लॅन, म्हणजे सगळ्या वाहतुकीचा आराखडा, लागतो, दुसऱ्या पर्यायांशी तुलनाही लागते. म्हणजे बसच्या आकड्यांना कागदोपत्री जागा आहे. रिकामी ठेवू नका.

दुसरं म्हणजे, सुनावणी अकरा वाजता ठेवतात. सेकंड शिफ्टवाला त्या वेळी झोपेतून उठलेला असतो किंवा डबा भरत असतो. अर्जातच लिहा की सुनावणी पीथमपूरला, रविवारी घ्यावी. मानतील का? कदाचित नाही. पण मागितल्याची नोंद राहते.

भिया, एक जुनी गोष्ट. प्लेगच्या दिवसांत होळकर दरबारानं पॅट्रिक गेडिस नावाच्या स्कॉटिश माणसाला नगररचनेसाठी बोलावलं होतं. त्याचा अहवाल १९१८ चा. त्यानं दिवाळीची मिरवणूक नेहमीच्या रस्त्यानं काढलीच नाही. ज्या रस्त्यावर सगळ्यांत जास्त घरं झाडून, डागडुजी करून होतील तिथून मिरवणूक जाईल, असं जाहीर केलं. मिरवणुकीत प्लेगचा भलामोठा उंदीरही होता. लोक फावडी घेऊन बाहेर पडले, कारण रस्ता ठरवणं त्यांच्या हातात होतं. आता नक्शा छापून झाला की विचारतात, ‘काही आपत्ती आहे का?’ त्यामुळे आपण छपाईच्या आधी पोचायचं.

उज्जैन_अपडाउन
काका, २०२८ च्या सिंहस्थामुळे सगळं लक्ष आमच्या उज्जैन रोडवर. पीथमपूरला कोण विचारणार?

नक्शेवाले काका
म्हणूनच घाई करा म्हणतोय. मेळा थोड्या दिवसांचा, शिफ्ट बारा महिने. हे वाक्य अर्जात घाला, फुकट देतो.

राऊची सून
काका, खूप आभार. ह्यांना सांगितलं, तर म्हणाले, सह्या घेतल्या आणि ठेकेदाराला कळलं तर कामावरून काढेल. सह्यांशिवाय चालेल का?

नक्शेवाले काका
चालेल. मुलांची नावं नकोतच. अर्ज तुमच्या नावानं, रहिवासी राऊ म्हणून. सोबत नुसता तक्ता जोडा: तारीख, वेळ, गेट, माणसं. कंपनीचं नावही नको, सेक्टर लिहा. पहिला कच्चा मसुदा इथे टाका, भाषा मी बघतो.