एनएमएमएसला सगळी आठवी बसवायची, की निवडक दहाच?

खडूची_धूळ

नमस्कार. बीड जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद प्रशालेत गणित शिकवते. एनएमएमएसचे, म्हणजे आठवीच्या राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षेचे, फॉर्म भरायचे दिवस आलेत आणि माझं नि मुख्याध्यापकांचं जमेनासं झालंय, म्हणून इथे विचारते.

मागच्या वर्षी आठवीच्या २९ मुलांचे फॉर्म भरले. परीक्षेला आली २१. पात्र झाली ७ आणि निवड यादीत, म्हणजे शिष्यवृत्ती मिळणाऱ्यांत, नावं लागली दोघांची. त्याच महिन्यात शेजारच्या गावच्या अनुदानित शाळेनं एसटी स्टँडसमोर फ्लेक्स लावला, '१४ विद्यार्थी यशस्वी'. मधोमध संस्थापकांचा फोटो, मुलांचे फोटो तिकिटाएवढे. आमचे सर जाता-येता तो फ्लेक्स बघतात. यंदा त्यांचं म्हणणं असं, की सातवीच्या मार्कांवरून वरची दहा मुलं काढा आणि तेवढ्यांचेच फॉर्म भरा. दहातली सहा पात्र झाली तरी साठ टक्के निकाल सांगता येतो.

ती न आलेली आठ मुलं आळशी नव्हती हो. उसाला गेली होती. परीक्षा डिसेंबरात, आणि आमच्याकडच्या टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास हलतात. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते, आईबापाला थांबता येत नाही, आणि घरात म्हातारं माणूस नसेल तर पोरही ट्रॅक्टरवर चढतं. हंगामी वसतिगृह आहे, पण ते सुरू होईपर्यंत निम्मी मुलं गेलेली असतात. एकीचं हॉल तिकीट अजून माझ्या कपाटात आहे. पेपराच्या दिवशी ती कर्नाटकात एका कारखान्याच्या तळावर धाकट्या भावाला सांभाळत होती.

परवा वेळ लावून जुनी मॅट, म्हणजे बौद्धिक क्षमता चाचणी, सोडवून घेतली. ९० प्रश्न, ९० मिनिटं. यंदा वर्गात ३१ आहेत. उत्तरपत्रिकेवरचे सगळे गोल रंगवणारी निघाली ९ मुलं. १४ जणांनी वीसच्या वर प्रश्न कोरे सोडले. एक मुलगा तर सतराव्या प्रश्नावरच अडकला. दिनदर्शिकेचा प्रश्न होता, अमुक तारखेला कोणता वार. पंधरा मिनिटं तो बोटं मोजत बसला. आता हाच पोरगा बापाचा उसाचा हिशेब ठेवतो, किती टन झाले, किती उचल फिटली, मुकादमाकडे बाकी किती, सगळं तोंडपाठ. सातवीचे मार्क बघितले तर तो वरच्या दहात येत नाही.

तर ज्यांनी ही परीक्षा बरीच वर्षं हाताळली आहे त्यांनी सांगा. सगळ्यांना बसवणं हा माझा भाबडेपणा आहे का? आणि हे कोरे गोल कसे भरून घ्यायचे?

निवृत्त_हेडमास्तर

मॅडम, आधी फ्लेक्सचं बघू. तसले फ्लेक्स मीही लावलेत, मजकूर स्वतः लिहून. 'यशस्वी' हा शब्द मुद्दाम वापरतात. त्यात पात्र झालेले येतात, निवड यादीतले येतात आणि सारथीवालेही येतात. म्हणजे असं, की मूल पात्र झालं पण कोट्यात बसलं नाही आणि ते मराठा किंवा कुणबी समाजातलं असेल, तर त्याला छत्रपती राजाराम महाराज सारथी शिष्यवृत्ती मिळू शकते, वर्षाला ९,६०० रुपये. चांगली गोष्ट आहे, पण फ्लेक्सवर तिन्ही एकाच रांगेत उभे करतात. त्या शाळेला विचारा, किती बसवले होते? आमच्याकडे ६० च्या तुकडीतून २० बसवायचो. तुमच्या सातांत सारथीला पात्र कोण होतं, त्याचे अर्ज भरले होते का, तेही बघून घ्या.

आता कोऱ्या गोलांचं. तुम्ही गणिताच्या, तुम्हीच मांडा. मॅट ९०, सॅट (शालेय क्षमता चाचणी) ९०, एकूण १८०. पात्रतेला ४० टक्के म्हणजे ७२ गुण, अनुसूचित जाती-जमातींना ३२ टक्के. चार पर्याय, चुकलं तर गुण कापत नाहीत. पूर्ण डोळे मिटून रंगवलं तरी सरासरी ४५ पडतात. मग खरं काम उरतं ते मधल्या २७ गुणांचं. वीस प्रश्न कोरे सोडणाऱ्यानं फुकटचे पाच गुण घालवले.

ते का सोडतात माहीत आहे? आपणच शिकवतो. 'येत नसेल तर लिहू नका, खाडाखोड करू नका.' वर्षानुवर्षं हेच.

मी करायचो ते सांगतो. पहिल्या फेरीत एका प्रश्नाला एक मिनिट, नाही सुटला की प्रश्नपत्रिकेवर फुली मारून पुढे. गोल मात्र त्याच क्रमांकाचा रिकामा राहिला पाहिजे. इथे पोरं घसरतात, एक गोल सरकला की पुढचे सगळे चुकले. मी पट्टी धरायला लावायचो. शेवटची पाच मिनिटं घंटा वाजवून सांगायचो, आता उरलेले भरा. ही घंटा सरावात दहा वेळा तरी वाजली पाहिजे, नाहीतर पेपराच्या दिवशी हात उठत नाही.

आणि ठोकळ्यांचे प्रश्न फळ्यावर शिकवू नका. बटाट्याचा घन कापा, बाहेरून ओला गेरू फासा, त्याचे २७ तुकडे करा. तीन बाजू रंगलेले आठ, दोन बाजूंचे बारा, एका बाजूचे सहा आणि पोटातला एक कोरा. एकदा हातात घेतलं की जन्मात विसरत नाहीत.

सरसकट बसवण्याबद्दल मात्र मी तुमच्या हेडमास्तरांना अगदीच झिडकारणार नाही. त्यांना वर उत्तर द्यावं लागतं.

खडूची_धूळ

सर, 'येत नसेल तर लिहू नका' हे वाक्य माझंच आहे. मागच्याच आठवड्यात बोलले होते. वाचताना कान गरम झाले.

सातांतल्या दोघी सारथीला बसत होत्या. अर्ज भरले नव्हते, मला ती योजना नीट माहीतच नव्हती.

पाचट

मॅडम, मी तुमच्या शाळेची नाही, पण तुमच्याच भागातली. आईवडील अजून कोयत्यावर जातात. आमच्या वेळी सरांनी बारा मुलांची यादी काढली होती, मी तेरावी. यादीतली एक मुलगी सप्टेंबरातच घरच्यांबरोबर गेली, गुऱ्हाळावर काम लागलं होतं, म्हणून तिच्या जागी माझा फॉर्म भरला. मी आजीकडे राहिले. निवड यादीत नाव आलं. ती माझ्यापेक्षा हुशार होती, हे मी नम्रपणा म्हणून सांगत नाही, गणितात मी तिचंच बघून लिहायचे.

पण पुढचं कुणी सांगत नाही ते सांगते. हजार रुपये महिना म्हणतात, येतात ते वर्षाचे बारा हजार एकदम, आणि कधी येतील ते देवाला ठाऊक. माझं आधारवर एक नाव आणि हजेरीपटावर दुसरं. ते जुळवण्यात नववीचा अर्धा काळ गेला. वडील कारखान्यावर, त्यामुळे प्रत्येक कागदासाठी आजीला घेऊन तालुक्याला जायचं. पैसे आल्यावर सायकल घेतली. शाळा सहा किलोमीटर होती, त्या सायकलमुळे दहावी झाली असं म्हणायला हरकत नाही.

दहावीला ५७ टक्के पडले. शिष्यवृत्ती बंद. अकरावीला चालू राहायला ६० लागतात, अनुसूचित जाती-जमातींना ५५. मला हे कळलं ते निकाल लागल्यावर, अर्ज भरायला गेल्यावर. तीन टक्क्यांसाठी चोवीस हजार गेले. चिडून सांगत नाही, आता मी जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंगच्या, शेवटच्या वर्षाला आहे, चाललंय. पण तुमची जी दोन मुलं मागच्या वर्षी लागली, ती आता नववीत असतील ना? त्यांना हा आकडा आजच सांगा. आणि नावं आत्ताच जुळवून घ्या, वडील गावात आहेत तोवर.

निवृत्त_हेडमास्तर

पाचट, बरं केलंत लिहिलंत. आम्ही निवड यादी लागली की पेढे वाटून मोकळे होत होतो. नूतनीकरणाचा अर्ज लिपिकाकडे, पुढे तो जाणे.

खडूची_धूळ

उशिरा लिहितेय, शाळेत धावपळ होती.

आमच्या मुख्याध्यापक सरांशी बोलले. त्यांच्या साठ टक्क्यांवर वाद घातलाच नाही. मागच्या वर्षीचं हजेरीपत्रक समोर ठेवलं आणि म्हटलं, २९ चे सात काढून २४ टक्के सांगू नका, परीक्षेला बसलेल्या २१ मधले सात सांगा, आणि न आलेली आठ कुठे होती तेही बैठकीत बोला. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, तास तुम्ही घेणार असाल तर भरा सगळ्यांचे. लेखी काही दिलं नाही, पण फॉर्म भरायचं शाळेचं लॉगिन दिलं. ३१ पैकी २८ फॉर्म झाले. तिघांचं आधार जुळत नाही, त्यांच्या वडिलांना शनिवारी बोलावलंय. शनिवार चालेल, तोवर टोळी हलत नाही असं मुकादमालाच फोन करून विचारलं. त्याची पोरगीही आठवीतच आहे.

नववीतल्या दोघांना ६० चा आकडा सांगितला. एकाला माहीत होता. एकीनं वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतला.

बटाट्याचा प्रयोग केला. गेरू मिळाला नाही, कुंकू लावलं. पहिला घन कापताना तिरका झाला आणि २७ ऐवजी २५ तुकडे नि थोडा चुरा निघाला, मुलं पोट धरून हसली. दुसरा बरा जमला. हिशेब ठेवणारा तो पोरगा मधला कोरा तुकडा हातात घेऊन म्हणाला, बाई, ४ चे थर केले तर आत आठ कोरे राहतील ना? मी अजून विचारलंही नव्हतं. दिनदर्शिकेला तो अजूनही बोटंच मोजतो, पण आता फुली मारून पुढे जातो.

घंटा सध्या ताटावर पळीनं वाजवते. दुसऱ्या सरावात कोरे सोडणारी १४ वरून ५ वर आली.

आता एकच अडलंय. पाच मुलं जाणार हे नक्की. तिघांचे आजी-आजोबा ठेवून घ्यायला तयार आहेत. दोन मुलींचं घरी कुणीच नाही आणि वसतिगृहाचं अजून पत्र आलेलं नाही. मी तालुक्याला खोली करून एकटीच राहते. परीक्षेआधी पंधरा दिवस त्या माझ्याकडे राहिल्या तर आईवडिलांची लेखी संमती पुरेल, की गटशिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी लागते? कुणी असं केलं असेल तर अर्जाचा मजकूर टाका.