अभिमान वाढला म्हणजे गर्व होतो का?
अभिमान जास्त झाला की त्याचाच गर्व होतो, असं अनेकदा म्हटलं जातं. मला ते पटत नाही. जेसिका ट्रेसी आणि रिचर्ड रॉबिन्स या मानसशास्त्रज्ञांनी २००७ मध्ये अभिमानाचे दोन प्रकार मांडले: 'मेहनत घेतली म्हणून जमलं' हा एक, आणि 'मी आहेच भारी' हा दुसरा. पहिल्याबरोबर आत्मसन्मान भक्कम आढळतो, दुसऱ्याबरोबर बहुधा डळमळीत. म्हणूनच गर्विष्ठाला साधी दुरुस्तीही झोंबते. हिशोबातली चूक दाखवून बघा. एक जण कागद पुढे ओढून बेरीज पुन्हा तपासतो, दुसरा 'आता तू मला शिकवणार?' म्हणतो. हुशारीत दोघे सारखेच असू शकतात, बरं का. त्यामुळे गर्वाच्या भीतीने मुलांच्या कष्टांचं कौतुकच न करणं मला फार घातक वाटतं.