बुडालेली मोठी दुकाने : दोष केवळ ऑनलाइन खरेदीचा नव्हे

परदेशातील मोठी बहुविभागी दुकाने केवळ ऑनलाइन खरेदीमुळे बुडाली, हे नेहमी मांडले जाणारे मत मला अपुरे वाटते. टपालाने माल घरपोच पाठवूनच नावारूपाला आलेल्या अमेरिकेतील सीअर्सने आपला जाडजूड कॅटलॉग १९९३ मध्ये स्वतःहून बंद केला, आणि पुढच्याच वर्षी ॲमेझॉनची स्थापना झाली. २०१८ मध्ये सीअर्सने दिवाळखोरीचा अर्ज केला. ब्रिटनच्या डेबनहॅम्स या कंपनीची हकिकत मला अधिक क्लेशदायक वाटते. २००३ मध्ये खासगी गुंतवणूकदारांनी ती कंपनी विकत घेतली, २००५ मध्ये मालकीच्या २३ जागा विकून त्याच जागांत ती भाडेकरू झाली, आणि गिऱ्हाईक घटू लागले तेव्हा भाडे व कर्ज या दोन्हींच्या ओझ्याखाली तिला हालचाल करणेच कठीण झाले. २०२१ मध्ये तिची ब्रिटनमधील उरलेली दुकानेही बंद झाली.

आमच्या गोव्यात, पणजीतल्या अठरा जून नावाच्या रस्त्यावर लोक दुकानात चप्पल पायात घालून पाहतात, माप लक्षात ठेवतात आणि तीच मोबाइलवरून मागवतात, हे खरे आहे; त्या दुकानदारांबद्दल मला मनापासून वाईट वाटते. मात्र जागा स्वतःची आणि डोक्यावर कर्ज नाही, असा दुकानदार मंदीचे एखाद-दुसरे वर्ष काढू शकतो. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार तर अजूनही गजबजतो, कारण पावसाळ्याआधीच्या पुरुमेंतासाठी, म्हणजे घरच्या बेगमीसाठी, हरमल गावची मिरची माणूस हातात घेऊन, तिचा रंग आणि वास पारखून, भाव करूनच घेतो.