वेल्श भाषा ‘सरकारनं वाचवली’ म्हणणाऱ्यांसाठी

घाटावरचा
कालपासून फिरणारी ती पोस्ट एव्हाना सगळ्यांनी वाचली असेलच: “ब्रिटनमधल्या वेल्सनं करून दाखवलं. शाळेत सोळाव्या वर्षापर्यंत वेल्श सक्तीची, दुभाषी पाट्या, स्वतंत्र वाहिनी, २०५० पर्यंत दहा लाख भाषकांचं लक्ष्य. सरकारनं मनावर घेतलं की भाषा वाचते.” शेवटचं वाक्य धादांत खोटं आहे आणि टाळ्या त्यालाच पडतायत.

सरकारनं मनावर कधी घेतलं ते बघा. १९५२ साली लानेलीजवळच्या लानगेनेखमध्ये ट्रेव्हर आणि आयलीन बीझ्ली या जोडप्यानं घरपट्टीची मागणी वेल्शमधून पाठवा म्हणून सांगितलं. कौन्सिल, म्हणजे तिथलं स्थानिक प्रशासन, ऐकेना; यांनी पट्टी भरली नाही. वारंवार कोर्ट झालं, जप्तीवाले पियानोसकट सामान उचलून घेऊन गेले. दुभाषी बिल आलं १९६० मध्ये. एका कागदासाठी आठ वर्षं! १३ फेब्रुवारी १९६२ ला लेखक सॉन्डर्स लुईस यांचं भाषेच्या भवितव्यावर रेडिओवरचं भाषण झालं, त्याच वर्षी भाषा संघटना उभी राहिली. तिच्या पोरांनी इंग्रजी पाट्या रंगवल्या, उपटल्या, तुरुंगवास भोगला. दुभाषी पाट्यांची शिफारस करणारा बोवेन समितीचा अहवाल त्यानंतरचा, १९७२ चा.

वाहिनीचं तर विचारूच नका. १९७९ च्या निवडणुकीत वेल्श वाहिनीचं वचन दिलं, निवडून आल्यावर थॅचर सरकारनं ते फिरवलं. वेल्श राष्ट्रवादी नेते ग्विन्वॉर एव्हान्स यांनी ६ ऑक्टोबर १९८० पासून आमरण उपोषण जाहीर केलं, तेव्हा कुठे १७ सप्टेंबरला सरकार नमलं. एसफोरसी ही वाहिनी सुरू झाली १ नोव्हेंबर १९८२ ला. याला ‘सरकारनं दिलं’ म्हणायचं असेल तर दरोडेखोरानं पकडल्यावर परत केलेल्या ऐवजालाही देणगी म्हणा.

रा. रा. भोचक
घाटावरचे, इतिहास झकास. पण आंदोलनानं भाषा बोलता येत नाही, बोलायला शिकवावी लागते. जनगणनेत वेल्श येणाऱ्यांचे आकडे घ्या: १९११ मध्ये ४३.५ टक्के, १९५१ मध्ये २८.९, १९९१ मध्ये १८.७. सलग उतार. २००१ मध्ये अचानक २०.८. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून पहिल्यांदाच टक्का वर गेला. शाळेशिवाय दुसरं काय बदललं होतं, सांगा बरं? १९९० पासून अभ्यासक्रमात चौदाव्या वर्षापर्यंत सक्ती, १९९९ पासून सोळाव्यापर्यंत.

घाटावरचा
आणि त्यापुढचे दोन आकडे गिळलेत. २०११ मध्ये १९.०, २०२१ मध्ये १७.८. सक्ती तीच, उतार परत सुरू. ५ ते १५ वयोगटात तर ४०.३ वरून ३४.३. तुमच्या शाळा त्या वयाच्या पोरांसाठीच आहेत ना?

रा. रा. भोचक
२०२१ ची जनगणना कोविडमध्ये झाली. शाळा कितीतरी महिने बंद, घरी इंग्रजी बोलणारी मुलं, आणि मुलाला वेल्श येतं का या रकान्यात खूण करणार आईबाप. त्याच सुमाराच्या वार्षिक सर्वेक्षणात हीच संख्या नऊ लाखांच्या आसपास आली, जनगणनेत ५ लाख ३८ हजार. सोयीचा आकडा तुम्हीही उचललाच की.

मधलं पान
दोघंही ‘शाळा’ म्हणताय आणि दोन वेगळ्या गोष्टींवर भांडताय.

इंग्रजी शाळेत आठवड्याला ठरावीक तासिका मिळणारा वेल्श हा विषय वेगळा. त्यातून निघालेला मुलगा नाव, गाव, हवामान सांगतो आणि थांबतो. वेल्श माध्यमाची शाळा वेगळी. तिथे दोन-अडीच वर्षांचं इंग्रजी घरातलं मूल मेइथ्रिनमध्ये, म्हणजे वेल्श बालवाडीत येतं आणि पहिल्या दिवसापासून बाई वेल्शच बोलतात. मूल इंग्रजीत उत्तर देतं, बाई तेच वाक्य वेल्शमध्ये म्हणून दाखवतात, पुढे सरकतात. इंग्रजी हा विषय म्हणून साधारण सातव्या वर्षी सुरू होतो. मोठेपणी दाखल झालेल्या मुलांसाठी वायव्य वेल्समधल्या ग्विनेदमध्ये वेगळी केंद्रं आहेत. छोट्या गटाला तिथे काही आठवडे फक्त भाषा शिकवतात आणि मग नेहमीच्या वर्गात सोडतात.

आणि हे सुरू कोणी केलं? १९३९ ची अबरिस्टविथची पहिली शाळा खासगी होती, सात मुलांची, उर्ध या वेल्श युवक संघटनेच्या इव्हान अब ओवेन एडवर्ड्स यांची. स्थानिक प्रशासनाची पहिली वेल्श प्राथमिक शाळा लानेलीत १९४७ ला निघाली. मेइथ्रिनची चळवळ १९७१ ची, पालकांनी गावातल्या हॉलमध्ये चालवलेली.

बिघडतं कुठे, तर तीन ठिकाणी. मधल्या सुट्टीत सगळी पोरं इंग्रजीवर जातात. वेल्शमधून गणित-विज्ञान शिकवणारे शिक्षक मिळत नाहीत. आणि सोळाव्या वर्षानंतर प्लंबिंग, केशकर्तन, नर्सिंग शिकायला गेलं की सगळं इंग्रजीत. शाळेच्या वयात आलेख उंच आणि विशीत धाडकन खाली, तो याच कारणांनी.

खवट खोबरं
पाट्यांवर कुणी बोलेना म्हणून मीच बोलतो. निव्वळ पैशाचा चुराडा. २००८ साली स्वॉन्झी कौन्सिलनं ‘अवजड वाहनांना प्रवेश नाही’चं भाषांतर ईमेलनं मागवलं, उत्तर आलं, तसंच छापून खांबावर लावलं. ते होतं भाषांतरकाराचं आपोआप जाणारं उत्तर: ‘मी सध्या कार्यालयात नाही. भाषांतराचं काम पाठवून द्या.’ त्याआधी २००६ मध्ये कार्डिफला पादचाऱ्यांना इंग्रजीत ‘उजवीकडे बघा’ आणि वेल्शमध्ये ‘डावीकडे बघा’. यात भाषा वाचते की माणूस मरतो?

मधलं पान
खोबरं, ही चूक पाटीची नाही. मजकूर लावण्याआधी वेल्श येणाऱ्या एकानं डोळ्याखालून घालायचा असतो, ते झालं नाही. २०१६ पासूनच्या नियमांनुसार नव्या पाटीवर वेल्श आधी वाचली जाईल अशी मांडणी करावी लागते. म्हणजे चुकली तर ठळकच चुकते.

टिंबटिंब
जरा अवांतर. हे १९.० टक्के वेल्शमध्ये कसं म्हणतात माहितीये का? जुन्या पद्धतीत १९ म्हणजे ‘पंधरावर चार’. १८ म्हणजे ‘दोन नऊ’. ४० म्हणजे ‘दोन विसा’. ९९ म्हणजे ‘पंधरावर चार आणि चार विसा’. शाळेत मात्र सरळ दशमान: १९ ला ‘एक दहा नऊ’, २१ ला ‘दोन दहा एक’, ९९ ला ‘नऊ दहा नऊ’. २०१९ साली बालभारतीनं दुसरीच्या गणितात ‘वीस एक’ आणलं तर इथे लोकांनी केवढा थयथयाट केला! वेल्श मेली नाही त्यानं.

खवट खोबरं
आलं का गाडं तिथेच! ‘त्र्याण्णव’ म्हणता येत नाही म्हणून ‘नव्वद तीन’ शिकवणारी पिढी उद्या बाराखडीही काढेल. वेल्श लोकांनी आपली जुनी मोजणी घालवली, हे कौतुकाचं?

टिंबटिंब
घालवली कुठे? घड्याळ अजून जुन्याच पद्धतीनं सांगतात: पंचवीस मिनिटं म्हणजे ‘विसावर पाच’. तारखाही तशाच, ३१ तारीख म्हणजे ‘विसावर, दहावर पहिली’. वयही बरेच जण जुन्या पद्धतीनं सांगतात. दशमान आहे ती गणिताच्या तासाला आणि मोठ्या आकड्यांना.

जुनी अडते का, तेही ऐका. २१ मुली म्हणायचं तर नाम मधोमध घुसतं: ‘ईन वेर्ख आर हिगाइन’, म्हणजे ‘एक मुलगी विसावर’. नाम एकवचनी, शिवाय ‘मेर्ख’चं ‘वेर्ख’ झालेलं. दोन, तीन, चार यांना पुल्लिंगी-स्त्रीलिंगी वेगळी रूपं. दशमानात ‘डाय देग ईन ओ वेर्खेड’, आकडा आधी, मग अनेकवचनी मुली. सात वर्षांच्या इंग्रजी घरातल्या मुलाला यातलं कुठलं जमेल?

रा. रा. भोचक
जमतं म्हणजे गणित सुधारतं असं नाही हो. यावर अभ्यास झालाय. वेल्श माध्यमातल्या मुलांना दोन अंकी आकडे वाचण्यात आणि त्यांतला मोठा कुठला हे ओळखण्यात थोडा फायदा दिसला. एकूण अंकगणितात सरसकट नाही.

खवट खोबरं
म्हणजे एवढी तोडफोड करून ‘थोडा फायदा’. अभिनंदन.

टिंबटिंब
तोडफोड नव्हे, दोन पद्धती शेजारी शेजारी. तुम्हाला ‘एकोणसाठ’मध्ये साठातून एक वजा केलेला चालतो, त्यांच्या पंधरावर चार ठेवलेले चालत नाहीत?

सांजवात
टिंबटिंबदादा, खोबरेकाका, तुमचं पाढेपठण संपलं असेल तर मूळ विषय शाळेचाही नाही, घरांचा आहे. वेल्श बोलणारे २०२१ मध्ये ग्विनेद ६४.४ टक्के, अँगलसी ५५.८, केरेदिग्यॉन ४५.३, कार्मार्थनशायर ३९.९. चारही ठिकाणी २०११ पेक्षा कमी, कार्मार्थनशायरमध्ये पुरे चार टक्क्यांनी. कार्डिफमध्ये मात्र ११.१ वरून १२.२. शाळांनी राजधानीत भाषक वाढवले हे भोचकांचं खरं, पण जिथे दुकानात, गोठ्यात, दवाखान्यात वेल्श चालते ती गावं रिकामी होतायत. समुद्रकाठची घरं बाहेरचे लोक सुट्टीपुरती घेतात, किमती स्थानिक पगाराच्या बाहेर जातात, पोरं कार्डिफला नाहीतर इंग्लंडला. वेल्श शाळेतली दोन माणसं वेगवेगळ्या शहरांत इंग्रजी जोडीदाराशी संसार करतात, तिथे पुढची पिढी पुन्हा बालवाडीपासून.

रा. रा. भोचक
चला, ‘भोचकांचं खरं’ एवढं तरी पदरात पडलं. पण सांजवातताई, घरांवरचा उपायही शेवटी सरकारच करतंय ना? एप्रिल २०२३ पासून कौन्सिलांना दुसऱ्या घरावर कौन्सिल टॅक्सच्या वर ३०० टक्क्यांपर्यंत अधिभार लावता येतो. पर्यटकांना भाड्यानं देतो म्हणून व्यवसायाच्या दरात जायचं तर घर वर्षात १८२ दिवस खरोखर भाड्यानं गेलेलं दाखवावं लागतं. सप्टेंबर २०२४ मध्ये ग्विनेदनं राहतं घर सुट्टीचं घर करायला नियोजन परवानगी सक्तीची केली. हे आंदोलनानं नाही, कायद्यानं झालं.

घाटावरचा
कायद्यानं झालं, चाळीस वर्षं उशिरा! सुट्टीची घरं जाळण्याचे प्रकार १९७९ ला सुरू झाले होते. त्याचं समर्थन नाही, पण तक्रार तेव्हापासून कानावर होती. आणि कापेल केलिनचं काय? लिव्हरपूलच्या पाण्यासाठी वेल्श बोलणारं अख्खं गाव १९६५ मध्ये धरणाखाली गेलं. १९५७ च्या त्या कायद्याच्या बाजूनं एकाही वेल्श खासदारानं मत दिलं नव्हतं, तरी तो झालाच. कायदा म्हणजे काय असतो ते त्या खोऱ्यात विचारा.

रा. रा. भोचक
तो कायदा लंडनचा, हा कार्डिफचा. १९९९ पासून तिथे स्वतःचं विधिमंडळ आहे, हा फरकच तुम्ही मोजत नाही.

घाटावरचा
मोजतो. ते विधिमंडळही मागूनच मिळालं. १९७९ ला जनमत चाचणीत आपटलं, १९९७ ला निसटतं पास झालं. मग ग्विनेद कौन्सिलनं धाडस करून १५० टक्के अधिभार लावला, आणि टिंबटिंब, हे दीडशे जुन्या पद्धतीत कसे म्हणतात ते कृपा करून सांगू नका.

टिंबटिंब
‘शंभर आणि निम्मं’. दशमानापेक्षा सोपं आहे, खोबऱ्यांनाही आवडेल.