मदत हवी आहे: खुबा पूर्ण बदलावा की रिसरफेसिंग?

कुळागरकार
घरच्या माणसाचा उजवा खुबा गेलाय. डॉक्टर म्हणतात पूर्ण बदला. पाहुणे म्हणतात रिसरफेसिंग कर, हाड वाचतं. कुळागरातलं (सुपारीच्या बागेतलं) काम, उकिडवं बसावं लागतं. सोमवारी कळवायचंय. कोणतं करू ते एका ओळीत सांगा.

डिचोलीकर
एका ओळीत नाही होणार. वय? बाई की पुरुष? खुबा कशाने गेला? किडनी कशी आहे?

कुळागरकार
43. रिपोर्टात एव्हीएन लिहिलंय. किडनीचा काय संबंध?

डिचोलीकर
रिसरफेसिंगमध्ये मांडीच्या हाडाचा गोळा कापत नाहीत. तो तासून वर कोबाल्ट-क्रोमची टोपी सिमेंटने बसवतात, वाटीही त्याच धातूची. धातूवर धातू घासला की आयन रक्तात उतरतात, ते किडनीच बाहेर टाकते. आणि एव्हीएन म्हणजे गोळ्याचं हाड मेलेलं. मेलेला भाग मोठा असेल तर टोपी धरणार कशाला? ती सैल होते, नाहीतर खालची मान मोडते, तीही बहुधा पहिल्या काही महिन्यांत.

म्हादईकाठचा
एव्हीएनला आधी कोअर डिकम्प्रेशन. गोळ्यात भोक पाडून आतला दाब कमी करतात. सांधा बदलायची घाई कशाला?

डिचोलीकर
गोळा चपटा झाल्यावर भोक पाडून काय मिळणार? एमआरआयमध्ये 'कोलॅप्स' शब्द आहे का ते आधी कळू दे.

सासष्टीकर
गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतीवर 2017 पासून सरकारी मर्यादा आहे. बिल तपासून घ्या.

फोंड्याचा
पात्रांव, इथे खुबा चाललाय! पैशांचंच म्हणाल तर डीडीएसएसवाय (गोवा सरकारची आरोग्य योजना) कार्ड चालू आहे का बघा. तीन माणसांपर्यंतच्या घराला वर्षाला 2.5 लाख, चार किंवा जास्त असली तर 4 लाख.
आणि डिचोलीकर, रिसरफेसिंगला सरसकट नावं ठेवू नका. 2010 मध्ये कंपनीने परत बोलावलेला एएसआर नावाचा सांधा वेगळा, त्याची वाटी उथळ होती. बर्मिंगहॅमवाला 1997 पासून आहे. गोळा मोठा म्हणून निखळत नाही सहसा, आणि पुढे बदलायची वेळ आली तर मान शिल्लक असते.

डिचोलीकर
त्याच बर्मिंगहॅमच्या कंपनीने 2015 मध्ये बायकांसाठी आणि 46 मिमी व त्याखालच्या गोळ्यांसाठी तो मागे घेतला. म्हणून दुसऱ्यांदा विचारतोय: बाई की पुरुष?

कुळागरकार
वहिनी. मध्यंतरी स्टिरॉइड बरेच झाले. उजवीकडे 'कोलॅप्स' लिहिलंय. डावीकडेही एव्हीएन आहे, पण कोलॅप्स नाही.

फोंड्याचा
हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायचं ना! माझा मुद्दा मागे. रिसरफेसिंग विसरा.

म्हादईकाठचा
आता तरी ऐका, डाव्यासाठी डिकम्प्रेशन सोमवारीच विचारा. गोळा चपटा व्हायच्या आतच त्याचा उपयोग.

डिचोलीकर
डाव्याबद्दल कबूल.
उजव्यासाठी सर्जनना विचारा: सिमेंटशिवायचा टायटॅनियम स्टेम (मांडीच्या हाडात जाणारा दांडा) आहे का, वर सिरॅमिक गोळा 32 की 36 मिमी, लायनर (वाटीतलं अस्तर) क्रॉसलिंक्ड पॉलिथिनचा का, आणि चीर मागून की पुढून. ऑपरेशनपूर्वी दात आणि लघवी तपासा. तिथला जंतुसंसर्ग नव्या सांध्यात उतरला तर सगळं उघडावं लागतं.

सासष्टीकर
उकिडवं बसणाऱ्याला ड्युअल मोबिलिटी वाटीच घ्या. गोळ्यात गोळा, निखळायची भीती कमी.

फोंड्याचा
43 व्या वर्षी सरसकट नको. दोन ठिकाणी घर्षण, म्हणजे झिजायला दोन जागा. वाटीचा कोन नीट बसला तर 36 पुरे.

कुळागरकार
तुमचं भांडण चालू द्या. चवथीला पाटावर बसता येईल का एवढं सांगा.

डिचोलीकर
चीर मागून असेल तर पहिले तीन महिने खुबा 90 अंशांपलीकडे वाकवायचा नाही, मांडी घालायची नाही, पाय आत वळवायचा नाही. कमोडवर चार इंची उंच सीट बसवा. पाट नको, खुर्ची. पुढचं सर्जन पाहून सांगतील. पावसात चिऱ्याच्या पायऱ्या शेवाळतात, कुबड्या घसरतात, तेव्हा अंगणात एकटीला सोडू नका. डिस्चार्ज कार्डावर इम्प्लांटचे स्टिकर लावून घ्या, लॉट नंबरसकट. एएसआर परत बोलावला तेव्हा कुणाला कोणता बसवलाय हे त्यावरूनच कळायचं.

कुळागरकार
बरं. माटोळीची (गणपतीवर फळं-पानं टांगायची चौकट) शिडी यंदा मलाच धरावी लागणार तर.