शिन फेनची धोरणं पटतात, मग मतं का घटली?

लिफीकाठ:
२०२० साली आयर्लंडच्या मतदारांनी शिन फेनला, म्हणजे उत्तर आणि दक्षिण आयर्लंड एक व्हावं म्हणणाऱ्या डाव्या पक्षाला, २४.५ टक्के मतं दिली, सगळ्या पक्षांत जास्त. पक्षाला स्वतःलाच अंदाज नव्हता. उमेदवार उभे केले फक्त ४२, त्यातले ३७ निवडून आले. २०२२ च्या मध्याला जनमत चाचण्यांत हा पक्ष ३५ टक्क्यांच्या आसपास होता आणि पक्षाध्यक्ष मेरी लू मॅकडोनल्ड पुढच्या पंतप्रधान होणार, असं लोक धरूनच चालले होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रत्यक्षात पडली १९ टक्के. जागा ३९ मिळाल्या, पण सभागृहही १६० वरून १७४ वर गेलं होतं. फिआना फॉल आणि फिने गेल हे आधीचेच सत्ताधारी पक्ष पुन्हा सत्तेत, यावेळी अपक्षांच्या टेकूवर.

याच काळात घरांची टंचाई आणखी बिकट झाली. तात्पुरत्या निवाऱ्यांत राहणाऱ्या बेघरांचा आकडा १५ हजारांवर गेला. टंचाईवर सगळ्यात जास्त बोलणारा पक्षच घसरला, याचं माझ्या मते कारण एकच: हा पक्ष बोलतो ते टिकवेल, याचा भरवसा लोकांना वाटत नाही. मार्च २०२४ चं कुटुंब आणि घरातली देखभाल यावरच्या घटनाबदलाचं सार्वमत आठवा. हे हरलं तर आम्ही सत्तेत येऊन पुन्हा घेऊ, असं पक्ष म्हणत होता. दोन्ही प्रस्ताव दणकून आपटले आणि ती भाषा रातोरात गायब झाली. आश्रय मागणाऱ्यांच्या प्रश्नावरही तेच. दोन्ही बाजूंचे मतदार सांभाळायला गेले आणि दोघांनाही दुखावून बसले.

सुकाणू:
भरवशाचं माप सगळ्यांना एकच लावा. २०२४ च्या प्रचारात सत्ताधारी सांगत होते की वर्षअखेर ४० हजारांच्या आसपास घरं पूर्ण होतील. मतदान झालं आणि मग आकडा आला तीस हजार आणि थोडी वर. भाडेकरूंना घराबाहेर काढण्यावरची बंदी ३१ मार्च २०२३ ला याच लोकांनी उठवली, शिन फेनचा विरोध धुडकावून. ॲपलकडून येणे असलेला १३ अब्ज युरोंचा कर आयर्लंडला मिळू नये म्हणून आयर्लंडचंच सरकार युरोपच्या कोर्टात वर्षानुवर्षं भांडलं आणि सप्टेंबर २०२४ मध्ये हरलं. तो पैसा घ्या, असं शिन फेन पहिल्यापासून सांगत होता. इथे खरं कोण ठरलं?

इथल्या आपल्या मराठी लोकांतले बरेच जण फिने गेलचे माजी पंतप्रधान लिओ वराडकरांचं मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड म्हणून फिने गेलकडे झुकले होते. गावाचा अभिमान मलाही आहे. पण पगाराचा मोठा भाग घरमालकाला देताना गाव कामाला येत नाही.

लिफीकाठ:
सरकारचा आकडा खोटा ठरला, मान्य. पण शिन फेनच्या घरयोजनेचंही तपशिलात बघू. पाच वर्षांत तीन लाख घरं. त्यातल्या परवडणाऱ्या घरांची जमीन सरकारकडेच राहणार, विकत घेणारा बांधकामापुरते पैसे देणार, त्यामुळे किंमत अडीच-तीन लाख युरोंच्या घरात. पुढे विकायचं तर पुन्हा परवडणाऱ्या भावातच, अशाच गरजू कुटुंबाला. कल्पना मला मनापासून आवडते. मग जमीन नावावर नसलेल्या घरावर बँक कर्ज देईल का, हा प्रश्न विरोधकांनी लावून धरला, तेव्हा मतदाराला समजेल असं साधं, ठाम उत्तर पक्षाला देता आलं नाही. आयुष्यातलं सगळ्यात मोठं कर्ज काढणारा माणूस 'बघू पुढे' यावर सही करत नाही.

बेलफास्टवासी:
तुम्ही दोघंही सीमेच्या दक्षिणेकडचं बोलताय. मी ब्रिटनच्या अखत्यारीतल्या उत्तर आयर्लंडमध्ये राहतो, जिथे हा पक्ष खरोखर सत्तेत आहे. फेब्रुवारी २०२४ पासून मिशेल ओनील इथल्या प्रथम मंत्री आणि पायाभूत सुविधांचं खातंही त्यांच्याच पक्षाकडे. इथे कित्येक ठिकाणी सांडपाण्याच्या वाहिन्या आणि शुद्धीकरण केंद्रं इतकी भरलीत की नव्या घरांना जोडणीच मिळत नाही. जमीन आहे, बिल्डर आहे, घर उभं राहत नाही. दुरुस्तीला प्रचंड पैसा हवा. घरगुती पाणीपट्टी नाही आणि ती लावायला शिन फेनचा ठाम नकार आहे. गरिबांवर बोजा नको, हे म्हणणं मला समजतं. मग दुसरीकडून पैसा उभा करून दाखवा. आणि दक्षिणेत राहत्या घरावरचा मालमत्ता कर अन्याय्य म्हणणारा हाच पक्ष उत्तरेत घरांच्या मूल्यावर आकारलेली पट्टी दरवर्षी वसूल करणाऱ्या सरकारात बसलाय. हे कोणी विचारायचं?

सुकाणू:
उत्तरेतल्या सरकारचा बहुतेक पैसा लंडनहून ठरून येतो. कर्ज काढायला मर्यादा, कर लावायचे अधिकार तुटपुंजे, आणि मंत्रिमंडळात डीयूपीबरोबर, म्हणजे ब्रिटनमध्येच राहायचं म्हणणाऱ्या पक्षाबरोबर, बसणं सक्तीचं. फेब्रुवारी २०२२ पासून दोन वर्षं तर त्याच डीयूपीने ते सरकार चालूच दिलं नाही. हात बांधलेल्याला पोहता येत नाही म्हणून नापास करणं बरोबर नाही.

बेलफास्टवासी:
२०१७ ते २०२० ही तीन वर्षंही सरकार नव्हतं, आणि तेव्हा राजीनामा शिन फेनने दिला होता. कारण गंभीर होतं, बॉयलरच्या अनुदानाचा घोटाळा. पण तीन वर्षं?

आबोली:
मी नर्स आहे, डब्लिनला. मला कर आणि वाहिन्यांपेक्षा वेगळंच विचारायचंय. शिन फेनशी जोडलेल्या आयआरए या सशस्त्र संघटनेच्या हातून १,७०० च्या आसपास माणसं मारली गेली. ओनील यांनी २०२२ मध्ये सांगितलं की त्या काळी दुसरा पर्याय नव्हता. पुढे ओनील ब्रिटनच्या राजाच्या राज्याभिषेकाला गेल्या, युद्धात मेलेल्यांच्या स्मारकावर पुष्पचक्र वाहिलं, त्याचा मी आदर करते. पण ज्याचा बाप मारला गेला त्याला 'पर्याय नव्हता' कसं ऐकवायचं? शिवाय २०२४ मध्ये पक्षाच्या दोन प्रसिद्धी अधिकाऱ्यांनी, मुलांविरुद्धच्या लैंगिक गुन्ह्यांची चौकशी चालू असलेल्या जुन्या सहकाऱ्याला नोकरीसाठी शिफारस दिली होती, ते उघड झालं. दोघांना जावं लागलं. माणसं सांभाळून घ्यायची ही जुनी सवय मला घरांच्या आकड्यांपेक्षा जास्त काळजीची वाटते.

सुकाणू:
आबोली, शिफारशीच्या प्रकरणाचं समर्थन मी करणार नाही, ते अक्षम्यच होतं. पण इतिहासाचं म्हणाल तर १९९८ चा शांतता करार या पक्षाने पाळला, २००५ मध्ये आयआरएने शस्त्रं निकामी केली. आज तिशीला टेकलेला मतदार त्या करारानंतर शाळेत गेलाय.

लिफीकाठ:
तिशीतल्या मतदाराला इतिहास नको असेल, घर हवंय. ऑक्टोबर २०२५ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत शिन फेनने स्वतःचा उमेदवार न देता कॅथरीन कॉनली यांना पाठिंबा दिला आणि त्या ६३ टक्के मतांनी जिंकल्या. म्हणजे डाव्या पक्षांनी जुळवून घेतलं तर मतदार येतो. आता त्या पक्षांनी एकत्र बसून जमीन, कर्ज आणि कर यांचा एकच हिशोब पुढच्या निवडणुकीच्या दोन वर्षं आधी छापावा. नागरिक नसलेल्या आपल्यासारख्यांना इथे स्थानिक निवडणुकीत मत असतंच. दारात येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला मी कर्जाचं तेवढं विचारणार आहे.