सुखोई की रॅप्टर? नोझल वळवणाऱ्या विमानांचे तुमचे अनुभव सांगा

आमची गच्ची लोहगावच्या धावपट्टीपासून फार लांब नाही. फोनवर बोलताना "थांब, विमान जाऊ दे" म्हणायची घरात सगळ्यांना सवय. सुखोई-३० एमकेआय २००२ मध्ये हवाई दलात दाखल झालं ते इथेच, पुण्यात. त्यामुळे माझा मुलगा जन्मल्यापासून हाच आवाज ऐकतोय. त्याचं ठाम मत असं, की रशियन विमानांची नोझल (इंजिनाचा झोत बाहेर पडतो ती तोंडं) वळतात म्हणून ती विमानं हवेत नाचतात, अमेरिकन विमानं नुसती पळतात. धाकटे दीर म्हणतात, एफ-२२ रॅप्टरची नोझलही वळतात आणि वर ते रडारला सहजी सापडत नाही. रविवारी पोहे गार झाले तरी भांडण मिटलं नाही.

मला एवढंच ठाऊक होतं, की ज्या 'कोब्रा'साठी (उडता उडता नाक झटक्यात वर उचलून पुन्हा खाली आणायची कसरत) मुलगा जीव टाकतो तो सोव्हिएत वैमानिक पुगाचेव्ह यांनी १९८९ ला पॅरिसच्या प्रदर्शनात करून दाखवला, तेव्हा त्या सुखोई-२७ ची नोझल वळणारी नव्हतीच. हे सांगितल्यावर दोन मिनिटं बरी गेली.

ज्यांनी ही विमानं जवळून पाहिलीत, हाताळलीत, त्यांनी लिहा. व्हिडिओ बघून झालेली मतं घरात भरपूर आहेत.

ओझरचे आजोबा:
ताई, माझी हयात नाशिकजवळच्या ओझरच्या विमान कारखान्यात मिगबरोबर गेली, शेवटची काही वर्षं सुखोईबरोबर. पहिल्यांदा हँगरमध्ये सुखोईच्या मागे उभा राहिलो तेव्हा छातीत धस्स झालं. दोन्ही नोझल खाली लोंबत होती, दमलेल्या बैलाने मान टाकावी तशी. इंजिन बंद, दाब नाही, म्हणून. सुरू झालं की सरळ होतात. नंतर नवीन पोरं आली की आम्ही मुद्दाम चेहरा पाडून विचारायचो, "हे वाकवलं कुणी रे?"

खरी गंमत बिजागरीत आहे. ते नोझल एकाच आसाभोवती फिरतं, दोन्हीकडे १५ अंशांपर्यंत. आस आडवा असता तर नाक फक्त वर-खाली झालं असतं. रशियनांनी तो ३२ अंश तिरका ठेवला, उजव्या-डाव्याचा एकमेकांच्या उलट. दोन्ही नोझल बरोबर हलली की नाक वर-खाली होतं. एक वर, एक खाली गेलं की विमान कूसही बदलतं आणि बाजूलाही वळतं. गोठ्याचं फाटक तिरक्या बिजागरीवर बसवलं तर उघडताना उचललंही जातं ना, तसं. एक सांधा, दोन कामं. जुगाड म्हणा, पण असा जुगाड सुचायला डोकं लागतं.

इंजिनं ओडिशातल्या कोरापुटच्या कारखान्यातून यायची. बाकीचं विचारू नका.

हॅम्प्टनची सूनबाई:
आम्ही व्हर्जिनियात लँगली तळाजवळ राहतो. तुमच्याकडे सुखोई तशी आमच्याकडे एफ-२२. त्यांच्या प्रदर्शनाला मुलीला घेऊन गेले होते. ते उभं वर चढलं, थबकलं आणि चक्क शेपटीवर मागे घसरलं. मुलगी ओरडली, "पडलं!" तेवढ्यात नाक खाली वळलं आणि ते निघून गेलं. आवाज नंतर पोटात जाणवत राहिला.

याचं नोझल गोल नाही, चपटं आहे, मागून पाहिलं तर टपालपेटीच्या फटीसारखं. तेही फक्त वर-खाली, २० अंश. चपटं करण्यामागे उष्णता आणि रडारपासून लपणं हा हेतू आहे. शेजारचे आजोबा अमेरिकी हवाई दलातून निवृत्त. ते म्हणाले, "हे आज दाखवलं ते पाहुण्यांसाठी. खरं काम ५०,००० फुटांवर." तिथली हवा विरळ, आवाजाच्या दीडपट वेगात नुसत्या शेपटीच्या जोरावर नाक उचलायचं तर कष्ट पडतात, तिथे नोझल मदतीला येतं. मला तोवर वाटायचं, हे सगळं हळू उडताना कोलांट्या मारण्यासाठीच आहे.

डेप्रॉनवाला:
खरं विमान हाताळलेलं नाही, पण कॉलेजात डेप्रॉनच्या (हलक्या फोमच्या) पत्र्यातून रिमोटवर उडणारं सुखोई कापून बनवलं होतं. मागे दोन मोटरी, दोन्ही सर्व्होवर (हव्या त्या कोनात फिरवणाऱ्या छोट्या यंत्रावर) वर-खाली हलणाऱ्या. थ्रॉटल पुढे, काठी मागे, की नाक आभाळाकडे आणि विमान जागच्या जागी लटकलेलं. पोरं शिट्ट्या मारायची.

मग कुणीतरी रिबनची लढाई काढली. प्रत्येकाच्या शेपटीला कागदी रिबन, दुसऱ्याची कापायची. माझ्यासमोर मित्राचं साधं पंखवजा विमान, ना शेपूट, ना वळणारी मोटर. तो मागे लागला, मी ऐटीत कोब्रा केला. तो पुढे निघून जाईल आणि मी त्याच्या मागे येईन असा हिशेब. तो पुढे गेला खरा, पण वेग राखून होता. एक मोठं वळण घेऊन परत आला, तेव्हा मी अजून हवेत टांगलेलाच. वाळत घातलेल्या टॉवेलसारखा. रिबन गेली, डावा पंखही गेला.

वास्कोकर:
आमच्या दाबोळीला नौदलाची मिग-२९के. नोझल वळत नाही. प्रवासी विमानाच्या खिडकीतून दिसतं, मुलं खूश होतात. बस, एवढाच अनुभव.

जुना वायुसैनिक:
डेप्रॉनवाल्यांचा टॉवेल आवडला. २००८ मध्ये आमची सुखोई अमेरिकेत सरावाला गेली, नेव्हाडात रेड फ्लॅगला. मी गेलो नव्हतो. नंतर एका अमेरिकी अधिकाऱ्याच्या भाषणाची चित्रफीत बाहेर आली. त्याचं म्हणणं साधारण हेच, की सुखोई नोझल वापरून जोरात वळलं की वेग गमावून खाली बसतं आणि वरचं अमेरिकी एफ-१५ लढाऊ विमान त्याच्यावर झडप घालतं. मेसमध्ये त्यावर किती कप चहा गार झाला! आम्ही चिडलो होतो, कारण त्या गृहस्थांनी सुखोईचं इंजिनही भलत्याच घराण्याचं सांगितलं होतं. पण वेगाबद्दलचं बोलणं खोटं नव्हतं. नोझल ही मिरची आहे. कुठे घालायची ते कळलं तर चव, नाहीतर ठसका.

आणि आता वळायचं काम बरंचसं क्षेपणास्त्रानेच घेतलंय. रशियन आर-७३ असो की अमेरिकन साइडवाइंडर-९एक्स, दोघांच्याही इंजिनाचा झोत वळतो. वैमानिकाने हेल्मेटमधून नुसतं बघायचं.

येलहंक्याची पायपीट:
फेब्रुवारी २०२५, बेंगळुरू. एकाच प्रदर्शनात रशियाचं सुखोई-५७ आणि अमेरिकेचं एफ-३५. सुखोई हवेत पान गळावं तसं गिरक्या घेत उतरायचं, गर्दी वेडी व्हायची. एफ-३५ए चं नोझल गोल आणि झोत न वळवणारं. एफ-३५बी चं वळतं, पण ते मुख्यतः उभं उतरण्यासाठी. अमेरिकेने रॅप्टरनंतरच्या विमानात हा खर्च टाळला, रशियाने सोडला नाही. माझा कॅमेरा मात्र चारही दिवस सुखोईकडेच.

गच्चीवरून (धागाकर्ती):
मुलाने टॉवेलपर्यंत वाचलं आणि दीरांना न दाखवता फोन उलटा ठेवला. आता डेप्रॉन कुठे मिळतं विचारतोय.

ओझरचे आजोबा:
त्याला सांगा, मोटरीचा आस तिरका बसव. पण ३२ अंश नको. आधी पंधरावर करून बघ.